मोजणीच्या दिवशी हात रिकामे ठेवा

प्रति,
भूसंपादनाच्या नोटिसा आलेल्या रायगड जिल्ह्यातील गावांच्या संघर्ष समित्यांमधील तरुण कार्यकर्ते यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात झालेल्या बैठकीत तुमच्यापैकी एकाने उभे राहून सांगितले, की मोजणीचे यंत्र एकदा फोडले आणि साहेबाच्या गाडीची काच एकदा खाली आली, की पुन्हा कोणी शिवारात पाऊल ठेवणार नाही. त्याच्या बोलण्याला टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत बसलो होतो आणि काही बोललो नाही. म्हाताऱ्या मास्तराने मध्येच उठून उपदेश सुरू केला तर मुले ऐकून घेतील, पण मनावर घेणार नाहीत, असे तेव्हा वाटले. घरी आल्यावर मात्र ती शांतता मला बोचत राहिली, म्हणून जे तोंडी बोलायला हवे होते ते आता लिहितो आहे. ते सर्वांसमोर लिहितो आहे, कारण प्रश्न एका गावाचा नाही.

तुमचा राग खोटा आहे असे मी म्हणणार नाही. ज्या जमिनीत आजोबांनी चिखलणी केली, ती कोणाच्या तरी नकाशावर एका रेघेखाली गेली आहे आणि ही बातमी घरात टपालाने आली आहे, तेव्हा राग न येणारा माणूस मला कळणार नाही. मला बोलायचे आहे ते त्या रागाचे काय करायचे याबद्दल.

पस्तीस वर्षांपूर्वी याच भागातल्या एका गावात मोजणीचे पथक आले होते. गावाची तक्रार साधी आणि पक्की होती. भाताची चांगली जमीन कागदोपत्री वरकस, म्हणजे हलक्या प्रतीची, दाखवली गेली होती आणि त्यामुळे मोबदला निम्म्याच्याही खाली येत होता. जुनी खातेपुस्तके, शेतसाऱ्याच्या पावत्या, शेजारच्या गटांचे उतारे असे सगळे पुरावे आम्ही एका पत्र्याच्या पेटीत जमवले होते आणि पथकापुढे ती पेटी उघडायची असे ठरले होते. पण पेटी उघडण्यापूर्वीच गर्दीतून एक दगड आला. तो भूकरमापकाच्या कपाळावर बसला. दगड कोणी मारला हे आजतागायत कोणाला ठाऊक नाही. तो भूकरमापक बांधावर बसून रुमालाने रक्त टिपत होता आणि त्याच्या पिशवीतला भाकरीचा डबा उपडा पडला होता, हे मला अजून दिसते. तोही कुठल्या तरी शेतकऱ्याचाच मुलगा असावा.

दुसऱ्या दिवशीच्या बातमीत जमीन नव्हती, वरकस नव्हते, मोबदला नव्हता. पथकावर हल्ला झाला, एवढेच होते. तेवीस जणांवर सरकारी नोकराला मारहाण केल्याचा, बेकायदा जमाव जमवल्याचा गुन्हा दाखल झाला आणि त्यांतले निम्मेअधिक त्या वेळी शेतावर नव्हतेही. तिसऱ्या दिवशी दोन गाड्या भरून बंदोबस्त आला आणि मोजणी दोन तासांत उरकली. खटला अकरा वर्षे चालला. दर तारखेला एक दिवसाची मजुरी बुडायची, वकिलाला पैसे द्यावे लागायचे, आणि एका मुलाची एसटीतली नोकरी चारित्र्य पडताळणीच्या वेळी गेली. शेवटी पुराव्याअभावी सगळे सुटले. पत्र्याची पेटी मात्र कोणी कधी उघडलीच नाही. एका दगडाने आमचे बरोबर असणे आमच्याकडून काढून घेतले.

यावर तुम्ही म्हणाल, की हा एका फसलेल्या प्रसंगाचा धडा झाला. म्हणून आपल्याच जिल्ह्यातल्या, जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या, दोन मोठ्या प्रसंगांकडे पाहा. त्यांची स्मारके तुम्ही पाहिली आहेत, जयंत्यांना तिथे हारही घातले आहेत, पण लढणाऱ्यांनी तिथे नेमके काय केले आणि काय करायचे टाळले, हे आपण मुलांना नीट सांगितले नाही, असे शिक्षक म्हणून मला कबूल केले पाहिजे.

महाडचे चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा आधार सत्याग्रहापूर्वीच तयार होता. मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर केला होता आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपले तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर हक्क होता आणि तळ्यावर जाण्याची कोणाची छाती नव्हती. मार्च १९२७ मध्ये परिषद भरली तेव्हा तळे हाकेच्या अंतरावर असूनही परिषदेला लागणारे पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले होते. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे हजारो माणसे रांगेने, शिस्तीने तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली.

त्यानंतर काय झाले ते मन लावून वाचा. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतीच्या तयारीत असलेल्या, मंडपात जेवत असलेल्या प्रतिनिधींवर लाठ्याकाठ्या घेऊन जमाव तुटून पडला. शिजवलेले अन्न मातीत गेले. गावोगावच्या वाटांवर एकेकट्या माणसांना गाठून मारले गेले. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. बाबासाहेब डाक बंगल्यात होते आणि त्यांच्याभोवती जमलेल्या माणसांमध्ये पलटणीतून निवृत्त झालेले, लढाई पाहिलेले लोक होते. त्यांना नुसती खूण पुरली असती. ती खूण बाबासाहेबांनी केली नाही. उलट त्यांनी आपल्या माणसांना आवरले, जखमींना इस्पितळात नेण्याची व्यवस्था लावली आणि फिर्याद नोंदवली.

अहिंसा दुबळ्यांसाठी असते, असे त्या बैठकीत कोणीतरी म्हणाले होते. त्या संध्याकाळी डाक बंगल्याच्या आवारात हात आवरून उभ्या असलेल्या निवृत्त शिपायांना दुबळे म्हणण्याचे धाडस तुम्ही कराल का? त्यांनी हात उचलला असता तर महाडात दोन जमातींची दंगल झाली, एवढीच नोंद राहिली असती आणि कोण पाणी प्यायला गेले होते व कोण मारायला आले होते, हा फरक त्या धुळीत पुसला गेला असता. तो फरक त्यांनी राखला, म्हणून हल्लेखोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि त्यांतल्या काहींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

पुढचा भाग मला याहूनही अवघड वाटतो. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा तळे खासगी मालकीचे आहे असा दावा सनातनी मंडळींनी न्यायालयात लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. २५ डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृती जाळली गेली, हजारो सत्याग्रही तुरुंगात जाण्याच्या तयारीने आले होते. जिल्हा मॅजिस्ट्रेटने स्वतः येऊन हुकूम पाळण्याची विनंती केली. बाबासाहेबांनी खूप विचार करून, तापलेल्या परिषदेला समजावून, तळ्यात उतरणे पुढे ढकलले. मिरवणूक तळ्याभोवती फिरली आणि पाण्याला हात न लावता परत आली. किती जणांना त्या दिवशी ही माघार वाटली असेल! पण दावा सोडला नाही. तो दहा वर्षे लढवला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात तो जिंकला. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते, ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादला महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. माणसे तीच राहतात आणि त्यांच्यापुढे आपण कोणत्या रूपात उभे राहतो यावर पुष्कळ काही ठरते, असे मला या योगायोगावरून वाटते.

तुमच्यातला कोणी वाचणारा लगेच म्हणेल, की बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत शेवटच्या भाषणात रक्तरंजित मार्गाबरोबर सत्याग्रह आणि असहकारही सोडून द्या, असे सांगितले होते. खरे आहे. घटनात्मक मार्ग खुले असताना या मार्गांना समर्थन उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मी ते वाक्य टाळून पुढे जाणार नाही. त्याचा अर्थ मला असा लागतो, की हरकत, ग्रामसभेचा ठराव, दावा, अपील हे दरवाजे ठोठावल्याशिवाय रस्त्यावर बसण्याचाही अधिकार आपल्याला पोचत नाही. मग दगड तर फारच दूर राहिला. आणि महाडचा सत्याग्रह स्वतः कायद्याच्या ठरावावर उभा होता, हे विसरू नये. तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या गटाची लेखी हरकत मुदतीत दाखल करून तिची पोच घेतली आहे? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीसाठी ६० दिवस आहेत. बैठकीत मी हात वर करायला सांगितले असते तर किती हात वर आले असते, याची मला भीती वाटते.

आता चरीकडे या. अलिबाग तालुक्यातल्या या गावाने आणि आसपासच्या मिळून २५ गावांनी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. संप कसला? खोताची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची, जमीन कसायची नाही, एवढाच. माझे आजोबा त्यांतल्या एका गावातले कूळ होते. पिकातला मोठा वाटा खोताच्या घरी जायचा, वर वेठ असायची, खोताच्या अंगणात कुळाने कुठे उभे राहायचे हेही ठरलेले असायचे. खोताकडे पैसा होता, वकील होते, कचेरीत वजन होते, धाक घालायला माणसे होती. कुळाकडे त्याचे हात होते. खोत कुळाला मारू शकत होता, घराबाहेर काढू शकत होता, कर्जाखाली चिरडू शकत होता. फक्त एक गोष्ट त्याला जमत नव्हती, ती म्हणजे कुळाच्या मनाविरुद्ध त्याच्याकडून रोपे लावून घेणे. त्या एका जागेवर गावांनी बोट ठेवले.

सहा वर्षे जमीन पडीक राहिली. लिहायला हे पाच शब्द लागतात. माझी आजी ती वर्षे मोजताना पावसाळे मोजायची, कारण प्रत्येक पावसाळ्याच्या तोंडावर, मृगाचे ढग दिसले की, घरातला पुरुष अस्वस्थ व्हायचा आणि नांगराकडे बघत बसायचा. लोकांनी लाकूडफाटा विकला, मिळेल ती मोलमजुरी केली, उंबरे खाऊन दिवस काढले. एखाद्या खोताच्या वाड्याला आग लावणे त्या सहा वर्षांतल्या कोणत्याही एका रात्री सहज जमले असते आणि दुसऱ्याच दिवशी संप मोडायला सरकारला कारण मिळाले असते. संपाचे सगळे बळ त्या न लावलेल्या आगीत होते. डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीला येऊन गेले, १९३७ मध्ये शेतकऱ्यांची बाजू मांडायला ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र निघाले, त्याच वर्षी खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी विधिमंडळात मांडले, पुढे महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला आले, आणि १९३९ च्या कायद्यात कुळाला पहिल्यांदा संरक्षण मिळाले. त्यानंतरचे कूळकायदे आणि खोती निर्मूलनाचा कायदा याच वाटेने आले.

घरी जाऊन आपल्या जमिनीचे जुने फेरफार काढून पाहा. पुष्कळांच्या फेरफारात ‘३२ग’ किंवा ‘३२म’ असा उल्लेख सापडेल. तो कूळकायद्याच्या कलमांचा आहे. कूळ असलेला तुमचा आजा-पणजा त्या कलमांनी जमिनीचा मालक झाला. आज ज्या सातबाऱ्यासाठी तुम्ही दगड हातात घ्यायला निघाला आहात, त्या सातबाऱ्यावर तुमच्या घराचे नाव ज्यांनी आणले त्यांनी सहा पावसाळे नांगर खाली ठेवला होता.

यशाच्या गोष्टी निवडून सांगतो असा आरोप माझ्यावर येऊ नये, म्हणून मुळशीचे सांगतो. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटून कुंडलिकेला मिळणारे पाणी घाटावरून, मुळशीच्या धरणातून येते, आणि त्या धरणाखाली मावळ्यांची गावे गेली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेकडो मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबले. सत्याग्रहाचे ते यश होते. पण पुढे काम पुन्हा सुरू झाले, पुण्यात राहणाऱ्या सावकारांना आणि जमीनमालकांना मोबदल्यातच रस होता, कसणारे मावळे एकटे पडत गेले, आणि लढा विरत गेला. सेनापती बापटांनी १९२४ च्या डिसेंबरात शस्त्र घेऊन मजुरांची गाडी अडवली, काही जण जखमी झाले, आणि सेनापतींना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झाले.

बापटांच्या त्या कृत्यामुळे मुळशी बुडाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. लढा त्याआधीच मोडला होता. शस्त्र हा त्या निराशेचा शेवट होता. बापटांच्या शुद्धतेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. हेतू शुद्ध असेल आणि शिक्षा उघडपणे भोगायची तयारी असेल तर शस्त्रही सत्याग्रहात बसते, अशी त्यांची मांडणी होती आणि तिची किंमत त्यांनी स्वतःच्या आयुष्यातून मोजली. गर्दीतून दगड टाकून पळणाऱ्याला त्यांचे नाव घेण्याचा अधिकार नाही. पण ज्या मजुरांना त्या दिवशी जखमा झाल्या ते कोण होते? पोटासाठी आलेली माणसे. त्या शस्त्राने एकही गाव वाचले नाही. आणि पॅरिसला जाऊन बॉम्बची विद्या शिकून आलेले हेच सेनापती १९५५ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, नानासाहेब गोरे यांच्या तुकडीबरोबर रिकाम्या हातांनी गोव्याच्या हद्दीत शिरले. गोवा शेवटी १९६१ मध्ये सैन्याने मुक्त केला, हेही मी लपवत नाही. सत्याग्रह प्रत्येक वेळी पुरा पडतोच असे वचन मी तुम्हाला देऊ शकत नाही. तो पुरा पडला नाही तरी आपल्या हातून कोणा गरिबाचे रक्त सांडलेले नसते, आणि पुन्हा उभे राहायला माणसे शिल्लक असतात.

उरणचे नाव घेऊन तुम्ही मला अडवाल. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळ्या झेलल्या नसत्या तर गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले नसते, असे आपल्याकडे नेहमी बोलले जाते. त्या पाच हुतात्म्यांपुढे मी मान झुकवतो. पण वाक्य नीट ऐका : गोळ्या झेलल्या. सरकारला मान खाली घालावी लागली ती शेतकऱ्यांवर गोळी चालवल्यामुळे. आणि त्या रक्तानंतरही त्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांना सभा, मोर्चे, विधिमंडळ, वाटाघाटी असे कित्येक वर्षे झिजावे लागले, तेव्हा ती योजना कागदावर आली.

पेणचे तर तुमच्यातल्या मोठ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी जाणार म्हणून प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखी माणसे गावोगाव फिरली, बायका मोर्चांत पुढे राहिल्या, आणि अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारलाच शेतकऱ्यांचे मत विचारण्यासाठी मतपेट्या ठेवाव्या लागल्या. शेतकऱ्यांनी प्रकल्पाविरुद्ध भरभरून कौल दिला. तो प्रकल्प उभा राहिला नाही. त्या गावांत आजही भात लावला जातो.

या सगळ्यातून मला दिसते ते असे, की हात रिकामे ठेवण्यासाठी दगड उचलण्यापेक्षा कितीतरी जास्त तयारी लागते. दगडाला एक माणूस आणि एक क्षण पुरतो. चरीसारख्या नकाराला धान्याचा साठा लागतो, कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे बघणारी माणसे लागतात, फुटणाऱ्याला परत आणणारा संयम लागतो. तुमच्या समितीकडे हे आज आहे का? गट क्रमांकानुसार पिकांची नोंद कोण ठेवतो? अटक झालीच तर जामिनाला कोण उभे राहणार आणि त्या घरची लावणी कोण करणार? मोबदल्याचा धनादेश दाखवून एकेकाला वेगळे काढायला दलाल येतील, तेव्हा मुळशीसारखी फूट पडू नये म्हणून शहरात राहणाऱ्या भाऊबंदांशी आताच कोणी बोलले आहे का? यंत्र फोडण्याच्या भाषेला टाळ्या मिळतात, पण या प्रश्नांना बैठकीत दहा मिनिटेही मिळाली नाहीत, याचे मला खरे दुःख आहे.

आणि आणखी एक, जे कटू वाटेल. मोठ्या जमावात दगड नेहमी आपलाच माणूस मारतो असे नाही. ज्यांना बंदोबस्ताच्या दोन गाड्या हव्या असतात, त्यांना तो एक दगड हवाच असतो. म्हणून प्रत्येक वीस माणसांमागे एक ओळखीचा, शांत डोक्याचा स्वयंसेवक असावा, अनोळखी चेहरा दिसला तर त्याच्याशेजारी बसावे, आणि कोणी हात उचलला तर बाकीच्यांनी जागच्या जागी खाली बसावे. बसलेल्या गर्दीत उभा राहिलेला एकटा माणूस सगळ्यांना दिसतो.

पुढच्या मोजणीपूर्वी ग्रामसभा आहे. तिथे एक ठराव मांडावा, अशी माझी तुम्हाला विनंती आहे : मोजणीला आमचा विरोध लेखी नोंदवला जाईल, आम्ही शिवारात बसून राहू, उचलून नेले तर जाऊ, आणि पथकातल्या कोणाही माणसाच्या अंगाला किंवा यंत्राला आमचा हात लागणार नाही. ठरावावर बायकांच्याही सह्या घ्याव्यात आणि त्याची एकेक प्रत प्रांताधिकाऱ्यांना व पोलीस ठाण्यात पोच घेऊन द्यावी. दुपार झाली तर भूकरमापकाला पाणी विचारावे.

मोजणीच्या दिवशी सकाळी सातला मी पाण्याची कळशी घेऊन ओढ्याकडच्या बांधावर येऊन बसेन. गुडघे दुखतात, त्यामुळे एकदा बसलो की मला लवकर उठता येत नाही. पोलिसांना उचलावे लागेल. माझ्याशेजारी कोण कोण बसणार, ती यादी ग्रामसभेच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आणून द्यावी. हरकतीचे अर्ज लिहायला रोज संध्याकाळी मी शाळेच्या ओट्यावर असेन. येताना सातबारा, जुने फेरफार आणि असल्या तर शेतसाऱ्याच्या पावत्या घेऊन यावे.

आपला,
चरीच्या संपातल्या एका कुळाचा नातू, निवृत्त शिक्षक